आधी शून्य लावायचं

६ जानेवारी, सोमवार

दुकानाचं शटर वर केलं आणि समोरच्या बँकेच्या खांबाला पोक आलेलं दिसलं.

आधी वाटलं, बँकेनेच काहीतरी उद्योग करून ठेवला असेल. डावा डोळा झाकून पाहिलं. पोक तसंच. उजवा झाकला तर खांबच गायब. त्याचं नवल नाही, डाव्या डोळ्याला गेल्या वर्षापासून मधलं काही दिसत नाही. तिथे एक मळकट डाग बसलाय. समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. उजवा धडधाकट होता, म्हटलं एकावर भागवू. आज उजव्याने पोक दाखवलं.

मी चष्मेवाला आहे. सरळ रेघ वाकडी दिसते म्हणून कुणी आलं तर मी त्याला चष्मा विकत नाही. खुर्चीवरून उठवतो आणि सांगतो, आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, पडद्याचं दुखणं आहे, वेळेत इंजेक्शनची सुई मिळाली तर वाचेल. गेल्या वर्षी कोपऱ्यावरच्या शिंप्याला असंच पाठवलं होतं. तो चार महिने रेटून मग आला होता. डॉक्टर त्याला म्हणाले, उशीर झाला. परत येऊन तो माझ्या बाकावर बसला आणि मला विचारत राहिला, "उशीर म्हणजे किती हो?" आता त्याचं मशीन सून चालवते आणि तो दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसतो. पायांच्या आवाजावरून माणसं ओळखतो. मलाही.

दिवसभर खांबाकडे बघायचं टाळलं. हिने, म्हणजे माझ्या बायकोने विचारलं, "बरं नाही का?" म्हटलं, पित्त.

८ जानेवारी, बुधवार

पोक आहे.

११ जानेवारी, शनिवार

आज एक ठरवलं आणि जरा हुशारी वाटली. डॉक्टरांकडे जायचं नाही ठरवलं. म्हणजे जायचंय, पण आधी सीडींचं काम उरकायचं.

बाहेरच्या खोलीत भिंतभर सीडी आहेत. दुसरं कसलं व्यसन केलं नाही, हेच केलं. पण डोळे गेले की त्या सगळ्या सारख्याच, गोल आणि गुळगुळीत. कुठली कुठली ते हाताला कसं कळणार? कव्हरवरची अक्षरं वाचता येताहेत तोवर एकेक सीडी कॉम्प्युटरमध्ये घालायची, गाणी फायली करून उतरवायची, नावं टाकायची आणि खिशातल्या प्लेअरमध्ये भरायची. लेकीने सासरी जाताना टाकून दिलेला कॉम्प्युटर आहे, त्याला सीडीचा खण आहे.

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, हल्ली सगळं मोबाईलवर मिळतं. कशाला एवढी उस्तवार?" मिळत असेल. पण मोबाईल म्हणजे सपाट काच, ती बघून चालवायची. मला बोटाला लागणारं बटण पाहिजे. हे तिला कसं सांगू? म्हटलं, मी जुन्या वळणाचा आहे. ती हसली.

प्लेअर काड्यापेटीएवढा आहे. पाच बटणं. त्यातलं एक लाल, रेकॉर्डिंगचं, ते कशाला दिलंय देव जाणे. पडद्यावरची अक्षरं मुंगीच्या मापाची. चालू करायच्या बटणावर मी चष्म्याची नाकावर टेकते ती छोटी रबरी गादी चिकटवली. आता अंधारातही सापडेल. अंधार हा शब्द लिहिला आणि पेन खाली ठेवलं.

१९ जानेवारी, रविवार

आठवडाभर रोज रात्री दुकान बंद केल्यावर हेच काम. सीडी पुसायची, खणात घालायची, घरघर ऐकत बसायचं. सीडी काचेसारखी गोल गोल पुसायची नसते, मधून कडेकडे सरळ पुसायची. चष्म्याचं फडकं उत्तम चालतं. काही सीडी मधेच अडतात, कॉम्प्युटर दम लागल्यासारखा करतो आणि ती बाहेर फेकतो. तेवढ्यानेसुद्धा मी दचकतो. एरवी मी असा नव्हतो.

काही सीडींची नावं कॉम्प्युटर स्वतःच शोधून आणतो. माझ्या आवडत्या बासरीला त्याने "घरच्या घरी जर्मन शिका, भाग दोन" असं नाव दिलं. ती मी ओळखली तरी. डोळे नसताना असं काही झालं तर बासरीच्या जागी जर्मन ऐकत बसायचं. म्हणून सगळी नावं स्वतः टाकतो, नाक पडद्याला टेकवून.

हिला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. इतकी वर्षं एका छपराखाली तीच गाणी ऐकतेय, पण एकाचं नाव सांगता येईल तर शपथ. "ते लावा ना, जिन्यावरून कुणीतरी उतरतंय तसलं." नाहीतर, "ते नको बाई, ते खोकल्याचं." एका वर्षी मला डांग्या खोकला झाला होता आणि ते व्हायोलिन मी महिनाभर लावलं होतं. म्हणून ते खोकल्याचं! एवढ्या थोर वादकाचं हे नाव.

आज ती दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "अहो, एवढी घाई कसली लागलीय?"

म्हटलं, "सीडी किडतात. पन्नास वर्षं टिकतील म्हणाले होते, पण लागलेत डाग पडायला."

"सीडींना?" ती म्हणाली. मी हो म्हटलं.

२३ जानेवारी, गुरुवार

दुकानात फ्रेमवाला आला होता, महिन्यातून एकदा येतो तो. डोळे तपासायचा नवा तक्ता भेट देऊन गेला. म्हणाला, "काका, तुमचा पिवळा पडलाय, वरती ग, खाली प ल, माझ्या आजोबांनीसुद्धा हाच वाचला असेल." मी म्हटलं, राहू दे गुंडाळलेला, जुना चांगला आहे.

खरं कारण वेगळं आहे. जुना मला पाठ आहे. ग. प ल. म र ट. शेवटची बारीक ओळ न द क स व त. गिऱ्हाईक खुर्चीवर बसून वाचतं आणि मी तक्त्याकडे न बघता चूक पकडतो. त्यावरच सध्या दुकान चाललंय. नवा तक्ता लागला की माझं पितळ उघडं पडेल.

ही हल्ली फार बोलते. तपासणीच्या पेटीतली काच हातात देताना आकडा मोठ्याने सांगते, "घ्या, वजा दोन. ही घ्या, वजा अडीच." जसं काही मला वाचता येत नाही. गिऱ्हाइकांसमोर बरं दिसतं का ते? पण आज ओरडलो नाही, कारण वजा अडीचचा आकडा मला खरंच लागला नसता.

३० जानेवारी, गुरुवार

आज प्लेअरने दगा दिला.

दुपारी दुकान बंद असताना पलंगावर पडून डोळे मिटले आणि प्लेअर लावून सराव केला. पहिलं गाणं बरोबर. बटण दाबलं, दुसरं यायला हवं, आलं दहावं. मग अकरावं, मग बारावं, आणि त्यानंतर दुसरं! सगळी सीडी उलटीपालटी. बटणं दाबत सुटलो तशी कुठली तरी भलतीच सीडी सुरू झाली आणि मी कुठे आहे तेच कळेना. स्वतःच्याच घरात हरवल्यासारखं. डोळे उघडायची हिंमत होईना. उघडूनही असंच राहिलं तर? मोठ्याने हाक मारली मी. हिच्या हातून भांडं पडलं.

"काय झालं?" धावतच आली.

"गाणी रांगेत येत नाहीत!"

"अहो, गाण्यांसाठी एवढं बोंबलता? मला वाटलं..." वाक्य अर्धंच ठेवून ती माझ्या पायाशी बसली. जरा वेळाने म्हणाली, "का नाही येत रांगेत?"

मग मी उठून कॉम्प्युटर लावला आणि शोधून काढलं. हा मूर्ख प्लेअर पहिला आकडा बघतो. एक, मग एकानेच सुरू होणारे दहा, अकरा, बारा, आणि मग दोन. आकड्याआधी शून्य लावलं की सरळ होतात. शून्य एक, शून्य दोन, मग निमूट रांगेत उभे राहतात. तिला हे सगळं समजावलं, जरा खेकसूनच.

"आणि सगळ्यांच्या आधी काय आणायचं असेल तर?"

"शून्य शून्य. पण त्याच्याआधी आणायचंय काय तुला?"

"मला कुठे काय? सहज विचारलं."

आता सगळ्या सीडींना शून्यं लावत बसायचं. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा नाक टेकवून. खांबाचं पोक वाढलंय आणि आता त्यात एक फटही दिसते. कामाला वेळ किती उरलाय ते कळत नाही. डॉक्टर सांगू शकतील. म्हणूनच जात नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

शाळेच्या बाई चष्मा परत घेऊन आल्या. घातला की जमीन हलते म्हणाल्या, जिन्यावर पडता पडता वाचल्या. पाहिलं तर उजवी काच डावीकडे आणि डावी उजवीकडे. सगळ्या दुकानासमोर माझं तोंड काळं व्हायची वेळ. मी काही बोलणार तेवढ्यात ही पुढे झाली. "बाई, माफ करा, हा माझा घोळ. काल मी बसवली होती काच." बाई चांगल्या स्वभावाच्या आहेत, काचा बदलून होईपर्यंत बसून राहिल्या.

ही काचा बसवते कधीपासून? कदाचित मी जेवायला गेलो तेव्हा हात लावला असेल. संध्याकाळी मी तिला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, माणूस जिन्यावरून पडून मेला असता. जे येत नाही त्यात लुडबुड कशाला करायची? ती भाजी निवडत होती. मान खाली घालून ऐकून घेतलं. एरवी एकाचे चार ऐकवते.

नंतर मात्र झोप येईना. काल दिवसभर ती बिलांपाशी होती, काचांपाशी मीच होतो, असं सारखं वाटतंय. पण ती कशाला खोटं बोलेल?

९ फेब्रुवारी, रविवार

बालंबाल वाचलो.

रविवारी दुकान बंद असतं. ही सकाळीच साफसफाईला म्हणून पुढे गेली होती. मी अकराच्या सुमाराला गेलो तर तपासणीच्या खोलीत दिवा लावून, हातात झाडू घेऊन उभी. म्हणाली, "बसा त्या खुर्चीत."

"कशाला?"

"इतकी वर्षं जगाला बसवलंत. आज मी बसवते. वाचा तक्ता."

पाचावर धारण बसली माझी. पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. हसलो. "फी किती घेणार डॉक्टरीणबाई?" असं म्हणून ऐटीत बसलो. तक्त्याकडे तोंड केलं, पण पाहिलं नाही. बघवलं नाही. तिच्या चपलेकडे बघत धडाधडा म्हणून टाकलं. ग. प ल. म र ट. थेट न द क स व त पर्यंत, एकदाही न अडखळता. वर विचारलं, "उलटा म्हणून दाखवू?"

तिने दिवा बंद केला. झाडू कोपऱ्यात ठेवला आणि म्हणाली, "चला, चहा टाकते."

फसली! शंका आली होती तिला, ती आता गेली असणार. दिवसभर हलकं हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटत नाहीये. चहा तिने बशीत ओतून, बशी माझ्या हातात नीट देऊन मग सोडली. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

घरात काहीतरी शिजतंय, आणि ते जेवण नाही.

ही स्वयंपाकघराचं दार लोटून लेकीशी फोनवर बोलते. मी गेलो की गप्प. आज दाराला कान लावला. "अगं, पण ते लाल बटण दाबलं तर पुसलं तर नाही ना जाणार?" मग, "कुठल्या खणात टाकू म्हणतेस? थांब, थांब, लिहून घेते." मग बराच वेळ काही नाही, आणि मग, "नाही गं, त्यांना नको सांगूस. आधी माझं होऊ दे."

हिचं काय व्हायचंय? मला लेकीकडे नेऊन टाकायचा बेत दिसतोय. तिथे एक लहान खोली आहे, खिडकी भिंतीवर उघडते. भिंत असली काय नसली काय, मला आता सारखंच, असं म्हणत असतील. दुकान कुणाला तरी देतील. शिंप्यासारखी मला बाहेर खुर्ची टाकून देतील, पण त्या गावात पायांचे आवाज माझ्या ओळखीचे नाहीत. दारापासून मागे फिरताना स्टुलाला धडकेन म्हणून हात पुढे केला तर स्टूल जाग्यावर नाही. आठवून बघतोय, बरेच दिवस ते वाटेत नसतं.

आणि प्लेअर टेबलाच्या खणात नाही! सगळं घर उपसलं. "मी चार्जिंगला लावला होता," ही म्हणाली. चार्जिंगला लावायला हिला कधीपासून यायला लागलं?

१५ फेब्रुवारी, शनिवार

शिंप्यापाशी जाऊन बसलो. त्याने लांबूनच ओळखलं. म्हणाला, "चष्मेवाले, पाऊल बदललंय तुमचं. पाय घासून चालताय." मी म्हटलं, चप्पल झिजलीय. त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "माझीपण चप्पल अशीच झिजली होती."

उठून आलो. वाटेत बँकेच्या खांबाकडे पाहिलं. मधली फट रुंद झालीय.

सीडींची एकच फळी राहिलीय. ती संपली की सबब संपली. काल एकच सीडी उतरवली. आज एकही नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

जाड मार्कर घेतलाय लिहायला, साध्या पेनाची ओळ दिसत नाही.

दुपारी जेवून पडलो. डोळे मिटले, सरावासाठी. रबराची गादी बोटाला लागली, दाबली. पहिल्या सीडीचं पहिलं गाणं बासरीचं, आलाप सुरू व्हायला हवा. त्याऐवजी घसा खाकरल्याचा आवाज आला. मी प्लेअर हातातून टाकलाच. मग हिचा आवाज. कानात, अगदी आत.

"हं. चालू झालंय वाटतं. ऐका. हे शून्य शून्य आहे. तुम्हीच म्हणालात, ते सगळ्यांच्या आधी येतं."

मी उठून बसलो. घरात पाहिलं, ही नव्हती. दुकानात गेली होती, मला न सांगता.

"त्या रविवारी मी नवा तक्ता लावला होता, फ्रेमवाल्याने दिलेला. वरती ठ होता. हाताएवढा ठ. तुम्ही ग म्हणालात. अहो, तेवढा ठ तुम्हाला अजून दिसतो, मला माहितीये, परवा दुकानाची पाटी वाचलीत तुम्ही. पण तुम्ही बघितलंसुद्धा नाहीत. घाबरलात बघायला. सोमवारी जुना परत लावला मी, गिऱ्हाइकांसमोर तुमची फजिती नको."

मागे कुकरची शिट्टी ऐकू येते.

"मला आधीपासून कळत होतं. तुम्ही माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघता. मी वाट बघत होते, आज सांगाल, उद्या सांगाल. तुम्ही सीडींचं काम काढलंत. म्हटलं, होऊ दे, त्यात जीव रमतोय. चूक झाली माझी. त्या दिवशीच हाताला धरून न्यायला हवं होतं. मीपण घाबरले होते हो. तुम्ही सांगितलं नाहीत तोवर ते खरं नाही असं मलाही वाटायचं."

मग एकदम नेहमीचा आवाज, खडसावतानाचा.

"उद्या सकाळी दहाला डॉक्टरांकडे नंबर लावलाय. पित्त, चप्पल, सीडी, काही ऐकणार नाही. लेक येतेय. तुम्हाला कुठे नेऊन टाकायला नाही, दाराला कान लावून काय ऐकलंत मला माहितीये. दुकान बघायला येतेय. आणि पुढे सगळ्या सीडींच्या आधी मी बोललेय, कुठली कुठली ते. पडदा वाचायला नको तुम्हाला. नावं माझी आहेत. तुमची मला कधी पाठ झाली नाहीत. आता ऐका."

मग पहिल्या सीडीच्या आधी, "ही बासरी. लेक झाली त्या दिवशी लावलीत. दवाखान्यात बंदी होती, नर्सने हाकललं होतं."

बटण दाबलं. "हे जिन्यावरून कुणीतरी उतरतंय ते."

दाबलं. "हे खोकल्याचं."

दाबलं. "हे तुम्ही भांडण झालं की लावता. दार आपटून. मला आवडतं, पण सांगितलं नाही, नाहीतर लावायचं बंद केलं असतंत."

दाबत गेलो. भिंतीवरच्या, उतरवून झालेल्या माझ्या सगळ्या सीडी. एकही चुकलेली नाही. संध्याकाळ होईपर्यंत ऐकत होतो, गाणी नाही, तिलाच. ही कुलूप उघडून आत आली तेव्हा मी पलंगावर तसाच बसलेलो. म्हटलं, "काच मीच उलटी बसवली होती ना, शाळेच्या बाईंची?"

"मग काय मी?" ती म्हणाली. "पोळी खाणार का भात?"

रडू आलं. खूप भीती वाटतेय असं तिला सांगितलं. असं मी आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ही लिहितेय, मी सांगतोय. माझ्या उजव्या डोळ्यावर पट्टी आहे. (मी सांगितलेलंच लिहितेय. मधे काही घालत नाही.)

दवाखान्यात आधी एका मुलीने अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवलं. समोर तक्ता. हिने माझा हात धरला होता. मी पाहिलं, खरंच पाहिलं. वरती ग होता. आमच्या दुकानात आहे तसाच जुना तक्ता, तीच अक्षरं, ग, प ल. अख्खा तोंडपाठ. मनात आलं, म्हणून टाकावा. धडाधडा. डॉक्टर म्हणतील, काका, डोळे ठणठणीत, घरी जा. हिची बोटं घट्ट झाली. तिनेही तक्ता ओळखला होता.

"वाचा काका," मुलगी म्हणाली.

"ग," मी म्हणालो. "प. त्याच्या शेजारचं वाकडं दिसतंय. पुढचं दिसत नाही."

"अंदाजे सांगा."

"अंदाजे नको," मी म्हणालो. "अंदाज मला पाठ आहे."

डाव्या डोळ्याने तक्ताच दिसला नाही, कडेची भिंत दिसली. तेही सांगितलं.

डॉक्टर माझ्या निम्म्या वयाचे. यंत्रात बघून म्हणाले, "डाव्याला उशीर झाला." तो शब्द आलाच. शिंप्याचं तोंड डोळ्यांपुढे आलं. मग ते उजव्याकडे वळले आणि यंत्राची चाकं पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. मी हिचा हात इतका दाबला की तिची बांगडी रुतली. (वळ उठलाय. हे मी घातलं.)

"उजव्याच्या पडद्याखाली ओल नुकतीच सुरू झालीय," डॉक्टर म्हणाले. "आज सुई देऊ. मग दर महिन्याला. आहे तेवढं राखता येईल असं वाटतंय. अजून दोन आठवडे काढले असते तर मी हे म्हणालो नसतो."

डोळ्यात सुई. शुद्धीवर असताना. मी विचारलं, "कानात काही लावलं तर चालेल का?" डॉक्टर हसून हो म्हणाले. ही बाहेर थांबली. खिशात हात घातला, रबराची गादी सापडली. दाबली.

"हं. चालू झालंय वाटतं. ऐका."

तेवढंच पुन्हा पुन्हा लावलं. बासरीपर्यंत गेलोच नाही.

२ मार्च, रविवार

स्वतः लिहितोय, मार्करने. पट्टी निघाली. खांबाला अजून पोक आहे, पण वाढलेलं नाही. पुढची सुई अठरा तारखेला. डॉक्टरांनी "वाटतंय" असं म्हटलं होतं, "नक्की" नाही. रोज सकाळी शटर उघडताना हात अडखळतो. मग बघतोच. न बघता राहायचं नाही, एवढं ठरवलंय.

नवा तक्ता दुकानात लावला. ठ वर आहे. तपासणी आता ही करते आणि मी शेजारी बसून सांगतो. गिऱ्हाइकाला ओरडून "वजा अडीच!" म्हणते, जसं काही लिलाव चाललाय.

राहिलेली फळी आज उरकली. शेवटच्या सीडीचं कव्हर कधीच हरवलंय आणि कॉम्प्युटरलाही तिचं नाव सापडेना. मलाही आठवेना. हिला हाक मारली, "अगं, ही कुठली?"

तिने कान दिला, पदराला हात पुसले. "ही होय? ही तुम्ही कधी ऐकलीच नाही. मी आणलेली, आपण नवे होतो तेव्हा. तुम्ही म्हणालात, काय कुईकुई आहे, आणि मागे सरकवून ठेवलीत."

मग आम्ही दोघांनी ती शेवटपर्यंत ऐकली. वाईट नाहीये. तिचं नाव काय टाकायचं ते विचारलं तर म्हणाली, टाका काहीही. मी "हिची" असं टाकलं आणि आधी शून्य लावलं.